चार जुलैच्या ट्रॅमगाड्या

शिकागो,
५ जुलै

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

काल अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन होता. शिकागोपासून सुमारे ९० किलोमीटरवर युनियन नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या इलिनॉय रेल्वे म्युझियममध्ये या सुट्टीच्या दिवशी जुन्या ट्रॅमगाड्यांची मिरवणूक निघते. ती पाहायला मुलगी आम्हाला घेऊन गेली होती, आणि तिथे पोहोचल्यापासून तुझीच आठवण येत होती.

मिरवणूक म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे ढोल-लेझीम येईल, पण इथे तसे काही नव्हते. लोक घडीच्या खुर्च्या मांडून रुळांच्या कडेला बसले होते, आणि शहरातल्या रस्त्यांवर धावलेल्या, उन्नत मार्गावरून गेलेल्या, गावोगाव जोडणाऱ्या अशा गाड्या एकामागून एक समोरून जात होत्या, त्याही स्वतःच्या मोटारींवर, वरच्या तारेतून ६०० व्होल्टचा प्रवाह घेत. १९०६ सालची १३७४ क्रमांकाची लाकडी गाडी आली तेव्हा तिच्या कुरकुरण्याने मला आपल्या जुन्या चाळीचा जिना आठवला. ‘मॅचबॉक्स’ हे तिचे टोपणनाव मात्र अगदी शोभते.

हिरव्या-क्रीम रंगाच्या ४३९१ क्रमांकाच्या गाडीपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो. युद्धानंतर शिकागोने अशा ६०० गाड्या घेतल्या आणि दहा-बारा वर्षांत त्या काढूनही टाकल्या. बहुतेकांचे सुटे भाग उन्नत रेल्वेच्या नव्या डब्यांत गेले आणि सबंध अशी ही एकच उरली. नगरपालिकांची घाई सगळीकडे सारखीच, दुसरे काय!

नंतर एका जुन्या गाडीत बसायलाही मिळाले. फेरीच्या टोकाला गाडी थांबली, तेव्हा पांढऱ्या मिशांचे एक स्वयंसेवक कंडक्टर खाली उतरले, त्यांनी मागची दोरी ओढून छतावरचा लांब दांडा तारेवरून सोडवला, आणि दोरी हातात ताणून धरूनच गाडीला अर्धा वळसा घालत तो दांडा उलट दिशेला नेला. दांड्याच्या टोकाचे चाक पुन्हा तारेवर बसवताना ते मान वर करून, ओठ घट्ट मिटून उभे होते. सुईत दोरा ओवणारा माणूस जसा दिसतो, अगदी तसे. चाक बसले, आतले दिवे लागले, आणि ड्रायव्हरने पायाने घंटा वाजवली. तो टणटणाट ऐकला मात्र, मी साठ वर्षे मागे गेलो.

या संग्रहालयाची सुरुवात १९५३ मध्ये दहा जणांनी मिळून भंगारात निघालेली एकच गाडी विकत घेतली तिथून झाली. जागा अपुरी पडू लागली तशा त्यांनी १९६४ मध्ये साऱ्या गाड्या युनियनला हलवल्या. नाना, त्याच वर्षी ३१ मार्चच्या रात्री बोरीबंदरहून दादरला मुंबईची शेवटची ट्रॅम गेली, आणि गर्दीत चेंगराल म्हणून आपल्या दोघांनाही घरी बसवले गेले होते. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

परतताना नातीने विचारले, “आजोबा, तुम्ही दादर टी. टी. म्हणता, त्यातले टी. टी. म्हणजे काय?” ‘ट्रॅम टर्मिनस’ म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना. तू वहीत डिंकाने चिकटवलेली ट्रॅमची तिकिटे अजून जपून ठेवली असशील, तर त्यांचा एक फोटो पाठव. तिला दाखवायचा आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
श्रीधर