वहाळातल्या मॉसबद्दल सरांचे जाहीर आभार

प्रिय सर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम जाहीर लिहितोय. कोकणात आलेला फिशटँकवाला माणूस कुठंतरी हिरवंगार मॉस, म्हणजे शेवाळासारखी दिसणारी बारीक पानांची वनस्पती, बघतो आणि पिशवीत भरून घेतो. त्याला वेळेवर अडवणारं कुणी भेटतंच असं नाही. मला तुम्ही भेटलात.

जांभ्याच्या गडग्यावरचं, म्हणजे दगडी कुंपणावरचं, मखमली मॉस तुम्ही घेऊ दिलं नाहीत. "हे जमिनीवरचं. टाकीत काही आठवडे हिरवं राहील, मग तपकिरी पडेल, कुजेल आणि पाणी बिघडवेल," असं म्हणून वहाळात, म्हणजे ओढ्यात, उतरलात. धारेखाली पूर्ण बुडालेल्या दगडावरचा नखाएवढा झुबका काढलात आणि बाकीचा तसाच ठेवलात. भिंगातून बघितलं, तर दांड्याच्या दोन्ही बाजूंना चपट्या पानांची एकेक ओळ, इवल्याशा नेच्यासारखी. फिसिडेन्स! एरवी विकत मिळणारं हे मॉस सह्याद्रीच्या ओल्या दगडांवर आपसूक वाढतं, हे मला तुमच्यामुळे कळलं.

पण सगळ्यात मोठे आभार एका प्रश्नाचे. मॉस काढण्याआधी तुम्ही शेजारच्या बागायतदाराला हाक मारून विचारलंत, "वरच्या अंगाला सुपारीवर बोर्डो मारलंय का रे?" बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक. माझ्या डोक्यात ते कधीच आलं नसतं. मॉसला खरी मुळं नसतात, पाण्यात असेल ते सगळं पानांतूनच आत जातं. बोर्डोतल्या मोरचुदाचं तांबंही त्यात साठतं, आणि माझ्या टाकीत चेरी श्रिम्प, म्हणजे शोभेच्या छोट्या कोळंब्या, आहेत. तांबं म्हणजे त्यांना विषच. फवारणी झालेली नाही हे कळल्यावरच तुम्ही दगडाला हात लावलात.

घरी आल्यावर तुम्ही सांगितलंत तसंच केलं. लिटरला चमचाभर तुरटी घातलेल्या पाण्यात मॉस दोन-तीन तास ठेवलं, स्वच्छ धुतलं आणि महिनाभर वेगळ्या पांढऱ्या बादलीत ठेवलं. पांढरीच बादली का, ते लवकरच दिसलं: तळाशी चतुराची अळी, मातकट, जेमतेम तांदळाएवढी. खालचा ओठ झटक्यात पुढं फेकून भक्ष्य पकडणारी ही अळी टाकीत गेली असती, तर श्रिम्पची पिल्लं उरली नसती.

आता ते मॉस सुती दोऱ्यानं दगडाला बांधलंय. दोरा कुजायच्या आत त्यानं दगड धरलाय, नवी टोकं पोपटी आहेत आणि श्रिम्प दिवसभर त्यात चरत असतात.

राधानगरी, कोयनेसारख्या अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हेही तुम्हीच बजावलंत. आता मित्र मॉस मागतात तेव्हा त्यांना वहाळाचा पत्ता देत नाही, टाकीतलाच तुकडा तोडून देतो. दोघांना दिलाय, तिसऱ्यासाठी वाढतोय.

तुमचा,
एक विद्यार्थी