शिंपल्यांच्या सपाता

सिडनी,
1 फेब्रुवारी

प्रिय सुमन,

या पत्राबरोबर एक छोटं खोकं येईल. आत कापसात गुंडाळलेल्या दोन सपाता आहेत, तान्ह्या बाळाच्या पायाच्या मापाच्या, वरून सगळ्या बारीक शिंपल्यांनी मढवलेल्या. जपून उघड.

आणि आधी एक कबुली. ओंकार पाचवीत असताना मी त्याच्यासाठी बूमरँग आणलं होतं, रंगीत ठिपक्यांचं. तू ते जव्हारला आश्रमशाळेत नेलंस, मुलांच्या हातोहाती फिरवलंस, ‘हे तिकडच्या आदिवासींनी केलंय’ असं सांगितलंस. सुमन, ते त्यांनी केलेलं नव्हतं. बंदराजवळच्या दुकानांत असली बूमरँगं ढिगाने मिळतात, आणि त्यांतली पुष्कळशी परदेशातून घाऊक भावाने रंगवून आलेली असतात. 2019 मध्ये इथल्या संघीय न्यायालयाने इंडोनेशियात बनलेला माल अ‍ॅबोरिजिनल कला म्हणून विकणाऱ्या एका कंपनीला 23 लाख डॉलर दंड केला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घेताना मी दुकानदाराला एका शब्दाने विचारलं नव्हतं. चहाच्या कपांवर छापलेली वारली चित्रं पाहून तुझा जीव कसा तळमळतो ते मी पाहिलंय, म्हणून तुला सांगितल्यावाचून राहवेना.

सपाता मात्र खऱ्या आहेत. गेल्या आठवड्यात याबुनमध्ये, ज्या बाईंनी त्या केल्या त्यांच्याच हातून घेतल्या.

याबुन हा गॅडिगल भाषेतला शब्द. तालावरचं संगीत असा त्याचा अर्थ सांगतात. आजच्या सिडनीचा मध्यभाग ज्यांच्या भूमीवर उभा आहे ते हे गॅडिगल लोक. विद्यापीठाला लागून व्हिक्टोरिया पार्क नावाची मोठी बाग आहे, तिथे दरवर्षी 26 जानेवारीला हा मेळा भरतो. तिकीट नाही, आमंत्रण नाही, कुणीही यावं.

तारीख वाचून तू थांबली असशील. मीही थांबले होते. 1788 साली याच दिवशी आर्थर फिलिपने कैद्यांची जहाजं सिडनीच्या खाडीत आणली आणि ब्रिटिश झेंडा रोवला. सरकारी कॅलेंडरात हा ‘ऑस्ट्रेलिया डे’. बागेत जमलेले लोक त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात. काही जण तगून राहिल्याचा दिवस म्हणतात. झेंडा रोवल्यावर सव्वा वर्षाच्या आत देवीची साथ आली आणि बंदराकाठचे गॅडिगल तळ ओस पडले, हे कळलं की दोन्ही शब्द एकदमच पटतात.

नऊ वर्षांपूर्वी मी नागरिकत्वाची शपथ घेतली ती याच तारखेला, हे तुला आठवत असेल. फोटो पाठवला होता, आईची पैठणी नेसलेला. दोन्ही देशांचा एकच दिवस म्हणून मला कोण आनंद झाला होता! आजोबा सांगायचे, 1930 च्या 26 जानेवारीला गावच्या मारुतीपुढे लोकांनी पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली. मला वाटलं, मी त्यांचीच ओळ पुढे नेतेय. नगरपालिकेच्या हॉलमध्ये आम्ही साठेक जण उभे राहून ‘या देशाशी आणि इथल्या लोकांशी निष्ठा’ असं म्हणालो. निघताना प्रत्येकाला एक रोप दिलं. माझं बॉटलब्रशचं होतं. आता ते कुंपणाच्या वर गेलंय.

‘इथल्या लोकांशी’. हे कोण, असं त्या दिवशी मी स्वतःला विचारलं नाही.

मला याबुनला पहिल्यांदा नेलं ते माझ्याबरोबर काम करणाऱ्या, विराजुरी या इथल्या एका मूळ समाजातल्या बाईंनी. बागेत चर्चेचा एक तंबू असतो. तिथे मी 1938 ची हकीकत ऐकली. तेव्हा झेंडा रोवल्याला 150 वर्षं झाली म्हणून सरकारने फिलिपच्या आगमनाचं नाटक बसवलं होतं. त्यात पळ काढणारे ‘मूळ रहिवासी’ हवे होते. सिडनीचे अ‍ॅबोरिजिनल लोक तयार होईनात, म्हणून हजारेक किलोमीटरवरच्या मेनिंडीहून माणसं आणली आणि रेडफर्नला पोलिसांच्या तबेल्यात ठेवली. त्याच दिवशी एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये अ‍ॅबोरिजिनल पुढारी जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन, सत्तरी ओलांडलेले विल्यम कूपर आणि शंभरेक माणसं काळे कपडे घालून जमली. शोकदिन पाळला आणि ठराव केला. मागितलं काय? पूर्ण नागरिकत्व. आपल्याच भूमीवर.

मला ते अर्ध्या तासाच्या समारंभात, हसतमुखाने, वर रोप देऊन मिळालं होतं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी बॉटलब्रशला पाणी घालत उभी राहिले आणि रडले, सुमन. त्यांना केंद्रीय निवडणुकीत मताचा हक्क मिळायला 1962 उजाडलं, आणि देशाच्या शिरगणतीत धरायला 1967 चं सार्वमत लागलं. 2023 च्या सार्वमतात, संसदेपुढे त्यांचं म्हणणं मांडणारं मंडळ राज्यघटनेत असावं का, हा प्रश्न होता. सहाच्या सहा राज्यांनी नको म्हटलं. मी हो म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंशी काय बोलावं ते मला सुचेना. त्यांनीच माझ्यापुढे चहाचा कप ठेवला.

पण मेळा उदास असतो असं समजू नकोस. निलगिरीची ओली पानं विस्तवावर टाकून धूर करतात, त्यातून आपण चालत जायचं. कापूर, ओवा आणि पावसाळी माती यांच्या मधला कुठला तरी वास कपड्यांना दिवसभर राहतो. नाचणाऱ्यांच्या अंगावर पांढऱ्या मातीचे पट्टे, आणि ताल दोन लाकडी टिपऱ्यांचा. डिजेरिडू सगळ्यांना माहीत आहे, पण ते मूळचं दूर उत्तरेचं वाद्य. या किनाऱ्याचा ठेका टिपऱ्यांचाच. चार-पाच वर्षांचा एक पोरगा कांगारूचा नाच करताना मधेच थांबून आईला शोधत होता, ती दिसली की पुन्हा उड्या मारायला लागायचा. शहरातून निघालेला मोर्चा बागेत शिरला तेव्हा काळ्या, लाल, पिवळ्या झेंड्यांनी रस्ता भरून गेला. हॅरॉल्ड थॉमस यांनी 1971 मध्ये केलेला हा झेंडा 2022 पासून हार्बर ब्रिजवर कायमचा फडकतो आहे.

आता सपातांविषयी. इथली कला म्हणजे ठिपके, असं मीही धरून चालले होते. ठिपक्यांची ती कॅनव्हासवरची चित्रं मध्य वाळवंटातली, 1971 च्या सुमारास पापुन्याहून पुढे आलेली. सिडनीच्या किनाऱ्याची कला शिंपल्यांची. ट्रामचा शेवटचा थांबा जिथे होता त्या ला पेरूझला बायका रविवारी फिरायला येणाऱ्यांना शिंपल्यांच्या पेट्या, सपाता विकायच्या. एमा टिंबरी यांचं काम 1910 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात होतं. त्यांची पणती एस्मे टिंबरी हार्बर ब्रिजसुद्धा शिंपल्यांत घडवायच्या. त्या 2023 मध्ये गेल्या. त्यांच्या चिमुकल्या सपाता इथल्या संग्रहालयात भिंतीशी ओळीने मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. सरकारने अ‍ॅबोरिजिनल आयांच्या कुशीतून उचलून नेलेली इतकी मुलं, आणि हे इतके रिकामे जोड. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

गाळ्यावरच्या बाईंनी दाखवलं: शिंपले रंगाने आणि मापाने निवडायचे, पुठ्ठ्यावर कापड लावायचं, मग एकेक चिकटवायचा. कुठला शिंपला कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या वाऱ्यानंतर मिळतो, हे आई-आजीबरोबर वेचताना शिकायचं. मी त्यांना जिव्या सोमा म्हशे यांच्याबद्दल सांगितलं. 1989 मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात म्हशे यांची वारली चित्रं होती आणि त्याच प्रदर्शनात मध्य ऑस्ट्रेलियातल्या युएंडुमू गावच्या वार्लपिरी समाजातल्या पुरुषांनी जमिनीवर मातीचं चित्र घातलं होतं. वारली आणि वार्लपिरी! बाई ते दोन शब्द कितीतरी वेळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे ही चित्रं आधी कोण काढायचं? मी म्हटलं, बायका, लग्नाचा चौक, गेरूवर तांदळाच्या पिठाने. पुढे त्या विचारतच गेल्या. मधल्या देवीभोवतीची नक्षी कोण शिकवतं, काढताना काय गातात, कुणाला काढता येत नाही. पालघट हे नाव सोडून मला काहीही सांगता आलं नाही. इतक्यांदा तुझ्याकडे राहिले, चौकापुढे बसून जेवले, आणि हे कधी विचारलं नाही.

म्हणून तुला काम लावते आहे. तुझ्या शाळेतल्या मुलींच्या आयांना विचार, एखादी धवलेरी, लग्न लावणारी बाई, भेटली तर तिलाही, आणि त्यांना जेवढं परक्याला सांगावंसं वाटेल तेवढंच लिहून पाठव. त्यांची नावं द्यायची की नाही तेही त्यांनाच विचार. पुढच्या 26 जानेवारीला मी ते घेऊन त्याच गाळ्यावर जाणार आहे, बाईंना तसं सांगूनही आले आहे.

बूमरँग फेकू नकोस. मुलांसमोर सपातांशेजारी ठेव आणि मी काय केलं ते त्यांना सांग. ओंकारला मी वेगळं लिहीन.

तुझी,
नीला