समांतर जगांचे श्रेय चित्रपटांना नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला ‘मल्टिव्हर्स’वरचा, म्हणजे अनेक समांतर विश्वांच्या कल्पनेवरचा लेख वाचला. एका जगातून दुसऱ्या जगात ये-जा करणारे सुपरहिरो लेखकाने थेट अलीकडच्या चित्रपटांच्या खात्यावर जमा करून टाकले आहेत. हे बरोबर नाही. हे श्रेय कॉमिक्सचे, आणि तेही १९६१ सालच्या.

त्या वर्षी डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या ‘द फ्लॅश’चा, म्हणजे अचाट वेगाने धावणाऱ्या सुपरहिरोच्या मालिकेचा, १२३वा अंक निघाला. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार कार्माइन इन्फन्टिनो. अडचण तशी घरचीच होती. १९४० मधला फ्लॅश, जे गॅरिक, मागे पडला होता आणि १९५६ मध्ये त्याच नावाने बॅरी अॅलन आला होता. मग जुन्याचे करायचे काय? फॉक्सने दोघांना दोन पृथ्व्या वाटून दिल्या. मुलांच्या कार्यक्रमात दोरीची करामत दाखवताना बॅरीचे शरीर इतक्या वेगाने कंप पावते की तो दुसऱ्याच पृथ्वीवर जाऊन पोचतो. तिथे गेल्यावर हा पठ्ठ्या टेलिफोन डिरेक्टरीत गॅरिकचा पत्ता शोधतो आणि सरळ त्याचे घर गाठतो! बॅरीच्या पृथ्वीवर गॅरिक हा नुसता कॉमिक्समधला नायक; लहानपणी ज्याची कॉमिक्स वाचली तोच माणूस समोर उभा, आता वय झालेला. ती कॉमिक्स लिहिणारा कोण, तर खुद्द गार्डनर फॉक्स. त्याला म्हणे झोपेत त्या पृथ्वीवरचे सगळे दिसायचे. स्वतःची अशी फिरकी घेणारा लेखक विरळाच.

पुढे मात्र सवयच लागली. १९६३ पासून दोन पृथ्व्यांवरच्या वीरमंडळांच्या भेटीगाठी सुरू झाल्या, १९६४ मध्ये तिसरी पृथ्वी आली, जिथे हेच वीर दरोडेखोर आहेत. पसारा इतका वाढला की १९८५ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी बारा अंकांची मालिका काढून सगळी जगे एकात मिसळली. आठव्या अंकात बॅरी गेला. तो दोन दशकांहून अधिक काळ गेलेलाच राहिला, म्हणून त्या मरणाला वजन होते. आता नायक मेला की शेजारच्या विश्वातून बदली कामगार आणावा तसा दुसरा आणून उभा करतात. मग वाचकाने हळहळायचे कशाला?

दुसरे म्हणजे, मराठी वाचकांसाठी लिहिलेल्या लेखात जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेचा उल्लेखही नसावा? विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निघून जाते, मराठे पानिपत जिंकतात, आणि त्या जगातून पंत परत येतात ते खिशात बखरीचे एक फाटलेले पान घेऊन. अंगरखा नाही, मुखवटा नाही. शिवाय पंतांना पुन्हा तिकडे जायची सोय नाही, आणि कथेची सारी चव त्यातच आहे.

लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचे म्हटले आहे. त्यात फॉक्स आणि नारळीकर या दोघांनाही जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर