'१ टक्का चूक' कशाची, तेही छापा

मा. संपादक,
स. न.

कालच्या विज्ञान पुरवणीत सेशेल्स वॉर्बलर या छोट्या पक्ष्यावरचा लेख वाचला. हा अभ्यास जिथे चालतो ते कझिन हे सेशेल्समधलं जेमतेम २९ हेक्टरचं बेट. तिथले पक्षी क्वचितच बेट सोडतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पायात कडी असते. अशा कामाबद्दल मराठीत कोणी लिहितं आहे, याचं मनापासून स्वागत. पण 'मोजणीतली चूक अवघी १ टक्का असल्याने टेलोमेअरची लांबी आता बिनधोक मोजता येते' हे वाक्य तुम्ही छापायला नको होतं. (टेलोमेअर म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरचे, वयाबरोबर सहसा झिजणारे डीएनएचे तुकडे.)

१ टक्का कशाचा, ते लेखात कुठेच नाही. इतका छोटा आकडा येतो तो बहुधा सीटीवरून काढलेला असतो. क्यूपीसीआर यंत्रात डीएनएच्या प्रती चक्राचक्राने वाढवून मोजतात; नमुन्याची चमक ठरलेली रेषा ज्या चक्राला ओलांडते, तो सीटी. दर चक्राला डीएनए साधारण दुप्पट होतो, म्हणजे सीटी हा लॉगरिदमी आकडा. त्याची टक्केवारी काढायचीच नसते. एकाच नमुन्याच्या तीन विहिरींचा (प्लेटवरच्या छोट्या खळग्यांचा) सरासरी सीटी २० आणि प्रमाण विचलन ०.२ आलं, तर भागाकार १ टक्का येतो खरा. पण २ चा ०.२ वा घात १.१५ होतो, म्हणजे डीएनएच्या प्रमाणात १५ टक्क्यांची चूक. पुढे टेलोमेअरचा आकडा संदर्भ जनुकाच्या (ज्याच्या प्रती प्रत्येक पेशीत ठरलेल्या असतात अशा जनुकाच्या) आकड्याने भागायचा. त्यातही तेवढीच चूक धरली, तर या भागाकारात, म्हणजे टी/एस गुणोत्तरात, ती २२ टक्क्यांच्या घरात जाते. एका वर्षात होणारी घट त्यात कुठल्या कुठे बुडून जाते.

आणि या तीन विहिरी एकाच प्लेटवरच्या, एकाच नळीतल्या डीएनएच्या. खरी गडबड त्याच्या बाहेर असते. पंखाखालच्या शिरेतून घेतलेलं सुमारे २५ मायक्रोलिटर रक्त शुद्ध अल्कोहोलमध्ये किती वर्षं पडून होतं, डीएनए मिठाच्या पद्धतीने काढला की कॉलम किट वापरून, जेलवर त्याची एकसंध पट्टी दिसली की खाली ओघळलेला (म्हणजे तुटक्या डीएनएचा) डाग, या सगळ्याने टी/एस हलतो. टेलोमेअर आणि संदर्भ जनुक या दोन्हींच्या अभिक्रियांची कार्यक्षमता, म्हणजे दर चक्राला डीएनए कितपत पूर्ण दुप्पट होतो ते, वेगळी असली तर विचारायलाच नको. संदर्भ जनुकाची कार्यक्षमता ९० टक्के असताना ती १०० धरली, तर २० चक्रांत हिशेब पावणेतीन पटीने चुकतो. म्हणून प्रत्येक प्लेटवर तोच प्रमाण नमुना आणि सौम्यीकरणाची (पायरीपायरीने पातळ केलेल्या डीएनएची) मालिका लावतात. एका पक्ष्याचे सगळ्या वर्षांचे नमुने शक्यतो एकाच प्लेटवर ठेवतात, नाहीतर प्लेटमधला फरक वयातला फरक म्हणून मोजला जातो. शिवाय काही रक्तांमधून डीएनए पुन्हा पहिल्यापासून काढून, वेगळ्या दिवशी, वेगळ्या प्लेटवर मोजावा लागतो. एकूण फरकांपैकी पक्ष्यापक्ष्यांतला खरा फरक किती आणि मोजणीचा गोंधळ किती, हे त्यातून कळतं. हा पुनरावृत्तीचा गुणांक, म्हणजे आयसीसी, वाचकाला द्यायला हवा होता.

याच कारणाने 'काही पक्ष्यांचे टेलोमेअर चक्क वाढले' हे वाक्यही अर्धवट आहे. पहिल्या वेळी चुकून कमी मोजला गेलेला पक्षी दुसऱ्या वेळी आपोआप 'वाढलेला' दिसतो. कझिनवरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ही वाढ केवळ मोजणीच्या चुकीतून येण्याइतकी आहे का, हे तपासलं आणि मगच ती मांडली. लेखात नेमका हाच भाग गाळला आहे, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे. तपासणी काढून टाकली की त्यांच्या निष्कर्षात आणि कुठल्याही प्लेटच्या गोंधळात वाचकाला फरक दिसत नाही.

टीआरएफ पद्धतीला, म्हणजे डीएनए कापून टेलोमेअरच्या तुकड्यांची लांबी जेलवर मोजण्याला, 'जुनी आणि किचकट' म्हणून एका ओळीत निकालात काढलं आहे. किचकट आहे हे मान्य. तिला मायक्रोग्रॅममध्ये अखंड डीएनए लागतो, तर क्यूपीसीआर काही नॅनोग्रॅमवर भागतं. पण पक्ष्यांच्या गुणसूत्रांत मधल्या भागातही टीटीएजीजीजीचे, म्हणजे टेलोमेअरच्याच अक्षरक्रमाचे, तुकडे असतात, काही जातींत ते प्रत्येक पक्ष्यात कमीजास्त असतात, आणि क्यूपीसीआर ते टोकांसोबतच मोजतं. जेलमध्येच, डीएनएचे धागे न उलगडता केलेल्या टीआरएफमध्ये फक्त टोकं दिसतात. एकाच पक्ष्यातला बदल पाहायचा तर मधले तुकडे कायम राहतात, निभावतं. दोन पक्ष्यांची तुलना करायची तर नाही निभावत.

स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवरच्या सोए मेंढ्यांना लेखात या पक्ष्यांच्याच परिच्छेदात बसवणंही चूक आहे. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, सस्तन प्राण्यांच्या नसतं. मेंढीच्या रक्तातला डीएनए पांढऱ्या पेशींचा असतो, आणि जंतुसंसर्ग झाला की त्या पेशींचं आपसातलं प्रमाण बदलतं. तेव्हा टेलोमेअर न झिजताही आकडा बदलू शकतो.

जाता जाता, आलेखाच्या उभ्या अक्षावर 'लांबी (किलोबेस)' लिहिलं आहे आणि आकडे ०.५ ते १.५. टी/एसला एकक नसतं. दीड किलोबेसचं (डीएनएच्या दीड हजार अक्षरांचं) टेलोमेअर या पक्ष्यात सरासरी म्हणून निघणं शक्य नाही. निदान एवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत, आलेखासकट, छापावी.

आपला,
एक नियमित वाचक