सूचना: रविवारची 'ओल्ड साउथ मीटिंग हाउस' भेट

बॉस्टनमधील सर्व सभासदांना कळवण्यात येते की, सकाळी ठीक १० वाजता वॉशिंग्टन स्ट्रीटच्या दारापाशी जमायचे आहे. भुयारी रेल्वेने स्टेट किंवा डाउनटाउन क्रॉसिंगला उतरा. गाडी आणू नका, पार्किंगचा फार त्रास आहे.

आत लाकडी बाके दिसतील, ती मूळची नव्हेत. १७२९ मध्ये प्युरिटन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी बांधलेल्या या प्रार्थनागृहातली बाके व व्यासपीठ ब्रिटिश सैन्याने १७७५ मध्ये उखडले, सरपण म्हणून जाळले आणि जमिनीवर माती पसरून घोडेस्वारीची शाळा चालवली. ब्रिटिशांचा या जागेवरचा राग जुना होता: १६ डिसेंबर १७७३ ला ब्रिटिशांच्या चहावरच्या कराविरुद्ध सुमारे ५,००० माणसे इथेच जमली होती, आणि त्याच रात्री चहाच्या ३४२ पेट्या बंदराच्या पाण्यात फेकल्या गेल्या. १७८३ मध्ये प्रार्थना पुन्हा सुरू झाली. १८७२ च्या आगीतून इमारत वाचली, मग काही काळ टपालकचेरी झाली. १८७६ मध्ये ती पाडायला निघाली होती, वर्गणी काढून वाचवली. आता संग्रहालय आहे.

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचा बाप्तिस्मा 'इथे' झाला असे मुलांना सांगू नका. तो बाप्तिस्मा १७०६ चा, याच जागेवरच्या आधीच्या लाकडी इमारतीतला.

तिकीट ज्याने त्याने काढावे.