मासे मेले की पाण्याचे तापमानही मोजा

महोदय,

गोदावरीत मेलेले मासे तरंगताना दिसले की संशयाचे बोट सांडपाण्याकडे जाते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण कडाक्याच्या थंडीत किंवा धरणातून उन्हाळी आवर्तन (शेतीसाठी ठरावीक काळाने सोडले जाणारे पाणी) सुटल्यावर आणखी एक शक्यता तपासायलाच हवी: पाण्याचे तापमान एकाएकी उतरणे.

माशाचे अंग भोवतालच्या पाण्याइतकेच गरम किंवा गार असते. आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू आलेला ८ अंशांचा उतार रोहू, कटला, मृगळ सोसतात. तोच तासाभरात आला तर नसा आणि स्नायू मंदावतात, तोल जाऊन मासा कुशीवर पडतो, कल्ल्यांची झाकणे रेंगाळत हलतात. कल्ल्यांमधून क्षारांचा समतोल राखणारे कामही बिघडते. चिलापी (तिलापिया) याबाबतीत फार नाजूक. पाणी १६ अंशांच्या आसपास आले की ती खाणे सोडते आणि १० अंशांच्या जवळ फार तग धरत नाही. जे मासे वाचतात त्यांची प्रतिकारशक्ती खालावते, मग काही दिवसांनी परांच्या कडेला कापसासारखी बुरशी धरते.

पंचनामा चुकतो तो इथे. गार पाण्यात कुजण्याची क्रिया मंद असते, त्यामुळे मेलेला मासा आधी तळाशी बसतो आणि काही दिवसांनी फुगून वर येतो. त्या दिवशी घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यात मूळ कारण सापडेलच असे नाही.

जिवंत मासे मात्र बरेच सांगतात. प्राणवायू कमी असेल तर ते पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. थंडीचा धक्का बसलेले मासे काठाला किंवा तळाशी सुस्त पडून असतात, हात लावला तरी पळत नाहीत. लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून जास्त प्राणवायू असूनही मासे असे पडले असतील, तर तापमापी काढावी. दोरीला बांधून ती पृष्ठभागाखाली अर्धा मीटर आणि तळाशी, विसर्गाच्या वरच्या व खालच्या अंगाला, सकाळी ६ आणि दुपारी २ वाजता धरावी. प्राणवायूही त्याच वेळी मोजावा, कारण उन्हाळ्यात खोल जलाशयाच्या तळचे पाणी गार तर असतेच, शिवाय त्यात प्राणवायूही कमी असू शकतो. दोन्ही मार एकदम बसतात.

ऑस्ट्रेलियातील बरेंडाँग धरणात २०१४ मध्ये पाणी बाहेर सोडणाऱ्या मनोऱ्याभोवती पडदा बसवला, तो वरच्या थरातले कोमट पाणी नदीत जावे म्हणून. आपल्याकडे गंगापूर, दारणा या धरणांवर लगेच एवढा खर्च मागण्याची गरज नाही. विसर्ग काही तासांत टप्प्याटप्प्याने वाढवला तरी खालच्या माशांना खोल डोहाकडे सरकायला वेळ मिळतो.

बोटुकली (माशांची बोटभर पिल्ले) पाण्यात सोडतानाही हाच नियम. पिल्ले आणलेली पिशवी न उघडता २०-३० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग नदीचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे. आतल्या-बाहेरच्या पाण्यात २ अंशांहून जास्त फरक असेल तर घाई करू नये. निफाड, दिंडोरीकडील उथळ शेततळी नदीपेक्षा लवकर गारठतात. थंडीच्या लाटेत तिथे जाळे ओढू नये आणि खाद्य थांबवावे.

नदीतील मासे मेल्याच्या प्रत्येक पंचनाम्यात तापमान, प्राणवायू, मोजण्याची वेळ आणि आधीच्या ७ दिवसांतील विसर्गाची नोंद असे चार रकाने सक्तीचे करावेत, ही आमची मागणी आहे.

— मत्स्यशेतीतील काही अभ्यासक, नाशिक