गोळी सुरू करण्याआधी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तू कळवलेला त्रास वाचला: पायाला मुंग्या, झोंबणारी गुळगुळीत जीभ, जिना चढताना धाप, आणि त्यावर कुणीतरी सुचवलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या. सुधीर, रक्त तपासेपर्यंत त्या गोळ्यांना हात लावू नकोस. त्यांतल्या बी१२ जीवनसत्त्वामुळे त्याचा रक्तातला आकडा वर जातो आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. त्यांतल्याच फॉलिक ॲसिडचं तर त्याहून वाईट. बी१२ कमी असताना नुसतं तेच पोटात गेलं, तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते.

मला पहिला संशय बी१२ चाच येतो. तू शाकाहारी, त्यात ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल कित्येक वर्षं चालू. अन्नातलं बी१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं आणि ही गोळी नेमकं तेच कमी करते. (मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही बी१२ घटतं.) यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे त्रास आज जाणवला तरी तूट फार आधीपासूनची असते. ओमेप्राझोल मात्र मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांशी बोल.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी१२, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तातलं डी जीवनसत्त्व), एवढ्या तपासण्या एकदमच करून घे. फेरिटिन वगळू नकोस. बी१२ कमी असलं की रक्तपेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही कमी असतील तर पेशींच्या आकाराची सरासरी, म्हणजे सीबीसीतली एमसीव्ही, अगदी नॉर्मल दिसते आणि सगळेच फसतात. केसांसाठी बायोटिन घेत असलास तर लॅबला सांग आणि किमान दोन दिवस आधी थांबव, त्याने काही तपासण्यांचे आकडे चुकतात.

बी१२ साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आलं तर कमतरता धरतात. २०० ते ३०० च्या मध्ये अडकलं तर बी१२ कमी असलं की रक्तात वाढणारं होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक ॲसिड तपासून सोक्षमोक्ष लावता येतो. मुंग्या आहेत म्हणून डॉक्टर बहुधा इंजेक्शनांनी सुरुवात करतील. नाही म्हणू नकोस. उशीर झाला तर बधिरपणा पुरता जात नाही. नंतर गोळीवर आलास की १००० मायक्रोग्रॅम हा आकडा बघून घाबरू नकोस. एवढ्या मोठ्या मात्रेतलं सुमारे एक टक्काच आपोआप शोषलं जातं, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. रोजची गरज २.४ च्या आसपास असल्याने तेवढं पुरतं.

डी कमी निघालं तर ५०,००० किंवा ६०,००० युनिटची गोळी लिहून देतील. ती आठवड्याला एक. रोज एक समजून घेणारे लोक असतात. मग रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, सारखी तहान आणि मूत्रपिंडाला इजा. स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घे, सांगितलेले आठवडे संपले की थांब आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपास.

मुंग्या घोट्याच्या वर चढल्या किंवा अंधारात चालताना तोल जाऊ लागला, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

रिपोर्ट आला की आकड्यापुढचं एककही कळव. काही लॅब पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात. तिथे २०० चा अर्थ वेगळा, कारण आपले २०० पिकोग्रॅम म्हणजे तिथले साधारण १४८.

तुझा,
विनायक